फोटोखालची ओळ

"वाच गं," फोटोग्राफर म्हणाले.

"ॲपर्चर दोन, शटर सेकंदाचा साठावा भाग, आयएसओ सोळाशे." बायकोने मोबाइलवर फोटोखालची कॅमेऱ्याच्या आकड्यांची ओळ वाचली. फोटो कशाचा आहे ते मात्र तिने सांगायचं नाही, असा खेळाचा नियम होता.

"उजेड बेताचा. शटरही सावकाश, म्हणजे कुणीतरी निवांत बसलंय. जावईबापू पेपर वाचतायत!"

"चहा पितायत," ती हसली. "पण आहेत जावईबापूच."

जन्मभर लोकांची लग्नं टिपलेल्या या माणसाची नजर गेली, तेव्हा तो घरात नुसता चडफडत बसायचा. परगावी राहणारी मुलगीही कॅमेऱ्यावरच पोट भरायची. ही युक्ती तिचीच. ती दर रविवारी फोटो पाठवायची आणि खालच्या आकड्यांवरून बाबा तो 'बघायचे'. चुकले तर ती फोनवर चिडवायची. बरोबर आलं तर स्वारी दिवसभर खुशीत.

पुढे फोटो येईनासे झाले.

"कामात असेल," बायको म्हणायची.

"कंटाळली असेल." आंधळ्या बापाची पोरीने तरी किती समजूत काढायची, असं त्यांच्या मनात यायचं.

एका रविवारी मोबाइल वाजला. बायकोने तो उचलून डोळ्यांजवळ नेला.

"फोटो आहे ना? मग वाच की."

"खाली काही लिहिलेलंच नाहीये हो." तिने नाक ओढलं. "ॲपर्चर नाही, शटर नाही. कॅमेऱ्याचं नावसुद्धा नाही."

त्यांनी चाचपडत तिचा हात धरला. तो ओला लागला.

"रडतेयस? काय झालं? कॅमेरा विकला का पोरीने?"

"तिलाच विचारा." बायकोने फोन लावून त्यांच्या कानाला धरला.

"बाबा, ओळखलास का फोटो?"

"हरलो गं. हे बघ, खेळ नको झाला असेल तर सरळ सांग. मला काही वाईट वाटणार नाही."

"वेडा आहेस का? इतके दिवस कॅमेरा उचलायचं बळच नव्हतं अंगात. अरे, हा फोटो मी काढलाच नाही, तर आकडे कुठून येणार?" मुलगी हसत होती, की रडत होती, कळेना. "डॉक्टरीणबाईंनी काढलाय, माझ्या पोटावर यंत्र फिरवून. आणि बाबा, नाक अगदी तुझ्यावर गेलंय!"