मिजासबाई

गेल्या वर्षी हरवलेली आपली शेळी बाजारातल्या या व्यापाऱ्याच्याच कळपात आहे, अशी तिची खात्री होती. पण कुंपणाआड दोनशे शेळ्या होत्या, आणि सगळ्या काळ्याकुट्ट.

"खूण सांगा अन् घेऊन जा, काकू," व्यापारी म्हणाला.

"खूण नाही. नाव आहे."

बाजार खो खो हसला. पंच म्हणून उभ्या केलेल्या मास्तरांनी तिला सवयीने समजावलं, "बाई, शेळी हे सामान्यनाम. कळप हे समूहवाचक. विशेषनाम एकट्या एकीचं असतं खरं, पण या गर्दीत ते ओळखणार कोण?"

"जिचं आहे ती."

तिने कुंपणाशी जाऊन हाक मारली, "मिजासबाई, चला घरी."

बाकीच्या शेळ्या खुशाल रवंथ करत राहिल्या. एक मात्र कान टवकारून उठली आणि सगळ्यांना ढुशा देत थेट तिच्यापाशी आली. मागोमाग दोन करडं धडपडत आली.

व्यापाऱ्याने तोंड उघडायच्या आत मास्तरांनी फाटक उघडलं. "लेकरं आईबरोबर जातील," ते म्हणाले. मग जरा अदबीने त्यांनी विचारलं, "यांची विशेषनामं काय?"

"घरी पोचेपर्यंत ठरवते," ती म्हणाली.