मिनिटाला वीस

"या पेशंटचा श्वास मोजा," प्लास्टिकच्या पुतळ्यावरची चादर कमरेपर्यंत खाली ओढत ट्यूटर मॅडम म्हणाल्या.

नर्सिंगच्या नव्या मुली एकेक करून खाटेपाशी आल्या आणि घड्याळ बघून उत्तर देऊन गेल्या. "मिनिटाला वीस, मॅडम." "वीस." "अठरा."

शेवटची कुमरे बराच वेळ वाकून छातीकडे बघत राहिली. "मॅडम, हा पेशंट श्वासच घेत नाहीये."

वर्ग खदखदून हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"मग बाकीच्यांनी वीस कुठून आणले?"

"वॉर्डात सगळ्यांचा वीसच सांगतात," कुणीतरी पुटपुटलं.

"हो. माझ्या आईचाही नर्सने दारातूनच वीस सांगितला. तेव्हा मी आईचा गार पडलेला हात धरून बसले होते."

मॅडमनी चादर पुतळ्याच्या तोंडावर ओढली.

"ती नर्स याच वर्गात, माझ्याकडेच शिकली होती."