स्टिकर नसलेली गाडी

"त्या निळ्या गाडीवर सोसायटीचा स्टिकर नाही, तरी फाटक उघडतंच कसं?" सेक्रेटरी कर्णिक वॉचमनवर डाफरले.

"आत कुणीतरी तिची वाट बघत असणार, साहेब. रहिवाशांच्या मनगटावरच्या पट्ट्यांवरून फाटकाला कळतं ना. तुम्हीच तर बसवलंय."

खरं होतं. शेजारच्या मॉलला येणारे लोक सोसायटीच्या रस्त्यावर बिनदिक्कत गाड्या लावायचे. हे फाटक आल्यापासून, आतल्या कुणाला येणाऱ्याची ओढ असेल तरच बिनस्टिकरची गाडी आत येई. कर्णिकांनी नोंद उघडली. वाट पाहणारं घर: बंगला चौदा.

चौदा त्यांचाच. घरात ते आणि त्यांचे वडील अप्पा, दोघंच.

कर्णिक तरातरा घरी गेले. व्हरांड्यात कॅरम रंगला होता. समोर बसलेला दाभाडे, त्या निळ्या गाडीचा मालक, आधी अप्पांच्या गुडघ्याला व्यायाम द्यायला यायचा. गुडघा बरा झाला तरी येतच राहिला.

"राणी घेतली रे तुझी!" अप्पा टाळ्या पिटत होते. कर्णिक घरी आले की हेच अप्पा टीव्हीवरून मानही वळवत नसत. कर्णिकांचा नुसता जळफळाट झाला.

सोमवारी ऑफिसातून परतताना त्यांनी कोपऱ्यावर थांबून काचेवरचा स्टिकर खरवडून काढला आणि गाडी फाटकासमोर उभी केली.

फाटक हललं नाही. त्यांनी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला.

वॉचमन धावत आला. "स्टिकर पडला वाटतं, साहेब. थांबा, मी हाताने उघडतो."