तारेच्या मधोमध

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावरच्या नॅनोतारेच्या बरोबर मध्यावर काळा डाग दिसला आणि ऊर्मिला पुढे वाकली. विद्युतभार जिथे साठतो तिथे चित्र काळं पडतं. तो तारेच्या टोकाशी साठायला हवा. तिथूनच इलेक्ट्रॉन उडतात आणि कृत्रिम डोळ्याला दिसतं. भार मध्येच तुंबला, की तार जळते आणि माणूस आंधळा होतो. हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिचे स्वतःचे डोळे याच तारांचे होते.

परवा खंडेनवमीला सगळ्यांनी सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू वाहिलं होतं. कुंकवाचाच कण असू दे रे देवा, म्हणत तिने आतली काच पुसली. डाग तिथेच. तार बदलली, तरी तिथेच.

"तांबोळी, सगळ्याच तारा खराब आहेत हो! उद्या हे डोळे पेशंटना बसवायचेत," तिने हाक मारली.

शेजारच्या टेबलावरचे तांबोळी उठून आले आणि पडद्याशी वाकले.

"कसला डाग, मॅडम? भार अगदी टोकाशी आहे. चित्र स्वच्छ आहे."

ऊर्मिलाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. तांबोळींच्या चेहऱ्याच्या मधोमध तोच काळा डाग होता, आणि तो हळूहळू पसरत होता.