दोराच्या आत

ओहायोतल्या त्या भंगाराच्या यार्डात फाटकावरचा, किरणोत्सार टिपणारा भोंगा वाजला की बर्नाडीनला बोलावणं येई. हरवलेल्या किरणोत्सारी वस्तू शोधून ताब्यात घेणं, हे तिचं सरकारी काम. आजही भर उन्हात तिने ट्रकमधली गंजकी नळी हुडकली, सीझियम म्हणून ओळखली आणि शिशाच्या डब्यात बंद केली. ट्रक बाहेर गेला तेव्हा भोंगा गप्प राहिला.

मग डबा आतच ठेवून, फक्त किरणं मोजायचा मीटर घेऊन ती फाटकातून निघाली, आणि भोंगा वाजला.

"थायरॉइडच्या तपासणीचं किरणोत्सारी औषध घेऊन आलीस वाटतं," म्हातारा रखवालदार व्हर्जिल हसला. "तशी माणसं गेली की हा असाच बोंबलतो."

"दवाखान्याची पायरी चढून मला वर्षं झाली, व्हर्जिल."

तिने मीटर स्वतःवर फिरवला. अंग, बूट, सगळं शांत. हात खाली गेला तशी मीटरची टकटक सुरू झाली. खाली खडीवर फक्त तिची सावली होती. ती बाजूला सरकली, तशी टकटकही सरकली.

व्हर्जिलचं हसू मावळलं. बर्नाडीन मात्र डगमगली नाही. सापडलेल्या वस्तूला आधी दोराने घेरायचं आणि मग लांब व्हायचं, हा तिचा शिरस्ता. तिने सावलीभोवती खुंट्या ठोकल्या, पिवळा दोर ताणला आणि सवयीने तो ओलांडून बाहेर आली.

सावली आतच राहिली.