बाहेरची कडी

"ओक्ताव्ह, पोरा, मावशील का रे आत? तेव्हा काडी होतास," वांडाबाई म्हणाली.

ओक्ताव्ह वासेर हसला. सूट सावरत, गुडघ्यांवर रांगत तो कोळशाच्या कोठीमागच्या बिळात शिरला. युद्धात जर्मन त्याच्या मागावर होते, तेव्हा वांडाबाईनं त्याला इथंच लपवलं होतं. ती पोलंडहून आलेली, नवरा इथल्याच खाणीत. सापडले असते तर तिघांनाही भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या असत्या. त्या गोष्टीला आता चाळीस वर्षं झाली. निवडणूक तोंडावर होती, ओक्ताव्ह उमेदवार होता आणि हा लढवय्या बिळातून बाहेर येतानाचा फोटो त्याच्या पक्षाला हवा होता. त्याच पक्षाची पोरं गल्लीत पत्रकं चिकटवत होती: परक्यांनो, चालते व्हा.

छायाचित्रकार दिवा आणायला गाडीकडे गेला. वांडाबाईनं बिळाच्या तोंडाला फळी लावली आणि जुन्या सवयीनं कडीही घातली. कडी पहिल्यापासून बाहेरूनच होती.

आत तोच काळोख, तोच कोळशाचा आणि अंगणातल्या पिंजऱ्यांमधल्या सशांचा वास. ओक्ताव्हला क्षणभर गंमतच वाटली.

मग अंगणात बूट वाजले.

"ए, कोण रे तू? इथं काय करतोस?"

"सशांना पाला घालतोय. माझंच घर आहे." हा अरेझकी, वांडाबाईचा अल्जीरियन जावई. नुकताच कामाच्या पाळीवरून आला होता.

"याचं घर! ऐकलंत का रे? चल, कागद दाखव."

"तुम्ही काय पोलीस आहात?"

"वर तोंड करून बोलतोस?"

आवाज ओळखीचा होता. सकाळी याच पोरानं ओक्ताव्हसाठी गाडीचं दार उघडून धरलं होतं. "सोड त्याला" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. फळीवर नुसती मूठ आपटली असती तरी पुरे होतं. पण त्यानं गुडघे पोटाशी घेतले आणि श्वास रोखला. बूट वाजले की हूं की चूं करायचं नाही, हे या बिळानंच त्याच्या अंगात मुरवलेलं. आणि खरं सांगायचं तर, बाहेर येऊन तो त्या पोरांना सांगणार तरी काय? ती त्याचंच भाषण पाठ करून आली होती.

बादली आपटली. पाठोपाठ कुणीतरी धाडकन पडलं.

"जावई आहे माझा, मेल्यांनो!" वांडाबाई ओरडली.

पोरं खिदळली. बूट लांब गेले.

थोड्या वेळानं कडी निघाली.

"गेले ते. ये बाहेर, पोरा." तेव्हाही ती असंच म्हणायची, याच आवाजात. आज तिच्या एप्रनला रक्त लागलं होतं.

"वांडाबाई, अगं, मला वाटलं..."

"तेव्हा तू मूग गिळून बसलास म्हणून आम्ही वाचलो," ती म्हणाली. "आज कुणाला वाचवलंस?"

ओलं फडकं घेऊन ती अरेझकीकडे वळली. तेवढ्यात छायाचित्रकार आला. त्यानं दिव्याचा झोत थेट बिळावर धरला.

"या ना साहेब, दार उघडंच आहे. आणि जरा हसा हं!"

ओक्ताव्हनं आतून हात लांबवला आणि फळी ओढून घेतली.