साहेब येणार म्हणून सारवलेली भिंत

ललितानं डास भिंतीवर सोडले आणि डास मजेत फिरायला लागले.

भिंतीला प्लास्टिकची एक वाटी उपडी चिकटवलेली होती. आत डझनभर डास. काल संध्याकाळीच या भिंतीवर निरगुडी आणि गवती चहाच्या तेलाची फवारणी झाली होती. एव्हाना डासांनी माना टाकायला हव्या होत्या. त्यातला एक तर निवांत पाय पुसत बसला.

मागे जिल्ह्याहून आलेले हिवताप विभागाचे साहेब उभे होते. ललिताचं तेल यंदाच्या पावसाळ्यात तालुक्यातल्या गावांत वापरायचं की नाही, हे आज त्यांनी ठरवायचं होतं. चेहऱ्यावरून तरी त्यांचं ठरलेलं दिसत होतं.

ललिता चंद्रपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तेलावर तिचा संशय नव्हता. तिनं भिंतीला बोट लावलं. बोटाला ओलसर शेणमाती आली.

"चंदाबाई, भिंत कधी सारवली?"

"आज सकाळीच तं." घरमालकीण चंदाबाईनं कौतुकाच्या अपेक्षेनं पदर सावरला. "जिल्ह्याचे सायेब येऊन राह्यले, न् भिंत तशीच ठेवू काय? तुमच्या तेलाचे ओघळ दिसत होते जागोजागी. सारे झाकून टाकले."

साहेब हसले. आपलं काम कुणीतरी आधीच उरकून ठेवलंय, याचं समाधान त्या हसण्यात होतं.

"आमच्या औषधाचंही हेच होतं, मॅडम. पोळा आला, सारवलं. दिवाळी आली, सारवलं. पण नाही सारवलं, तर ते तीन महिने टिकतं तरी. तुमचं तेल आठ दिवसांत उडून जाणार. आमचं फवारणी पथक येणार तीन महिन्यांनी. मधल्या काळात डासांना काय सांगायचं?"

आक्षेप खरा होता. ललिताला त्यावर आजवर उत्तर सापडलं नव्हतं.

"आता काऊन नाराज होता, म्याडम?" चंदाबाई मध्येच म्हणाली. "पुन्हा फवारा ना. फकस्त शुक्रवारच्या आत पाहून घ्या. दर शुक्रवारी सारवतो आमी."

ललिता वळली. "दर शुक्रवारी?"

"अवो, मातीची भिंत हाये. नाई सारवली तं पोपडे निघते. साऱ्या गावातल्या बाया सारवतेत."

ललितानं सारवणाची बादली ओढली, उरलेली तेलाची बाटली तिच्यात उपडी केली, बाह्या सरसावल्या आणि कोपरापर्यंत हात शेणात घातला.

"मॅडम, हे काय चाललंय?"

"तीन महिन्यांचं तुम्ही पाहा, सर. मी शुक्रवार ते शुक्रवार पाहते."

दारापुढच्या छपरीच्या भिंतीवर तिनं पहिला हात मारला, तोच चंदाबाईनं तिला बाजूला सारलं. "सरका, म्याडम. भिंत हाये, फळा नाई." आणि ती अख्खा कोपरा एका दमात सारवून मोकळी झाली.

छपरीत ऊन कडक होतं. आत साहेबांचं भात-मासोळीचं जेवण आटोपेपर्यंत भिंत खडखडीत वाळली. वाटी चिकटवली. नवे डास सोडले. सगळे भिंतीवर बसले. थोड्या वेळानं एक पडला. मग दोन. मग बाकीच्यांनीही फार ताणलं नाही.

साहेबांनी वाटीवर टिचकी मारून पाहिली. कुणी उठलं नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "यंदा तुमचंच तेल घेऊ." जीपकडे निघता निघता ते थबकले. मनात काहीतरी सलत होतं. "पण मॅडम, सगळं जर या बायकाच करणार, तर आमच्या फवारणी पथकानं करायचं काय?"

ललिता हात धूत होती. उत्तर चंदाबाईनं दिलं.

"काऊन? शेन पुरते काय आमाले! त्याइले म्हना, टोपलं घ्या न् निंगा ढोराइच्या मांगं."